दसऱ्याच्या पाहुण्यांची पुस्तकं

७ सप्टेंबर १९६९

आज मी विहारात भर सभेत उभी राहिले आणि बोलले. ही गोष्ट कुठंतरी लिहून ठेवायलाच हवी, म्हणून रुपरावांनी आणलेली कोरी वही काढली. रुपराव म्हणजे माझे नवरे. मिलमध्ये कामाला आहेत. तोंडानं मी त्यांचं नाव घेत नाही, पण वहीत घ्यायला काय हरकत आहे! मी मॅट्रिक पास आहे. या वस्तीतली पहिली मॅट्रिक सून. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते.

विहाराला लागून एक खोली आहे. तिच्यात वस्तीची लग्नाची भांडी ठेवलेली असतात. गंज, कढया, पराती, झारे, ताटं. वर्षातून पंधरा-वीस दिवस भांडी बाहेर निघतात, बाकी साडेअकरा महिने उंदीर त्यांच्यात लपाछपी खेळतात. किल्ली कमिटीच्या अध्यक्षांच्या, बाबनरावांच्या कमरेला. मी म्हटलं, ही खोली वाचनालयाला द्या. बाया एकमेकींना कोपर मारायला लागल्या.

बाबनराव हसले नाहीत, तेवढं बरं. म्हणाले, "सूनबाई, हे भांडे काहून घेतले ठाऊक हाये का तुले? आमच्या लग्नाले या शहरात कोनी भाड्यानं भांडे देत नव्हतं. आमचा हात लागला का भांडं बाटे. मंग आमी मिलच्या पगारातून जमा करू करू येक-येक गंज घेतला. आता तू सांग, तुझ्याजवळ पुस्तकं किती हायेत?"

"अकरा," मी म्हटलं.

यावर मात्र सगळे हसले. बाबनराव म्हणाले, "शंभर आन. दसऱ्याचे पाहुने गेल्यावर दोन नोव्हेंबरले सभा हाये. शंभर भरले तर भांडे माझ्या घरी नेतो अन् खोली तुझी. नाई भरले तर पुन्हा हा इषय काढायचा नाई."

"आणते," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. माझ्या तोंडाला दार नाही असं माझी आई म्हणायची.

घरी आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, विचारलं, "शंभर पुस्तकं म्हंजे किती वं? पोतंभर होतात का?" मी म्हटलं, "आत्याबाई, पोत्यात बटाटे भरतात." त्या बिड्या वळायला लागल्या. तुळसाबाई हे त्यांचं नाव, पण तुळशीसारखं शांत त्यांच्यात काही नाही. सून बोलली की त्यांच्या कपाळाला आठी पडते. आज सभेत बोलल्याचा राग असणार.

१४ सप्टेंबर

युक्ती सापडली! इतकी सोपी की आधी सुचली नाही याचीच लाज वाटावी.

दसऱ्याला, दीक्षेच्या दिवशी, आमच्या वस्तीत घरटी पाच-दहा पाहुणे उतरतात. नरखेडकडचे, काटोलचे, उमरेडचे. तेरा वर्षं हा रिवाज आहे. दोन-तीन दिवस राहतात, दीक्षेच्या मैदानावर जातात, परत जातात. पण रिकाम्या हातानं कोणी येत नाही. तुरीची डाळ, मिरच्या, संत्री, कोणी गाठोड्यातून नवं लुगडंच काढतो. तर यंदा डाळ नको, लुगडं नको. माणशी एक पुस्तक आणा, किंवा मैदानावर दुकानं लागतात तिथं विकत घ्या. सगळ्या गल्लीच्या वतीनं मीच सर्वांच्या नातेवाइकांना पोस्टकार्डं लिहिते आहे. अठ्ठेचाळीस कार्डं.

आज दिवसभर लिहीत होते. आत्याबाई बाजूला बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांच्या बहिणीला, रुख्माबाईंना, कार्ड लिहिलं तर म्हणाल्या, "याच्यात माहं नाव कुठं हाये?" मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि शाई ओली होती ती फासली. कार्ड वाया. मी चिडले. मी काय लिहिते, त्यांच्याविरुद्ध लिहिते की काय, याचीच त्यांना पाहणी करायची असते. दर कार्डाला विचारतात, "अन् इथं काय लिवलं?"

संध्याकाळी शेजारच्या बाया आल्या होत्या. आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "म्हाताऱ्या मानसाले येते का वं हे लिवनं-वाचनं?" मी म्हटलं, "माणूस चंद्रावर जाऊन आला म्हणून आपणही उद्या पिशवी घेऊन निघायचं का?" बाया पोट धरून हसल्या. मला अशी उत्तरं पटकन सुचतात. आत्याबाईंना मात्र गंमत कळत नाही.

२८ सप्टेंबर

रुपरावांच्या नरखेडकडच्या मामांचं, धोंडबामामांचं, उत्तर आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. "पुस्तक कितीक मोठं आनू? वजन सांग." काय म्हणावं या माणसाला! पण आणणार म्हणतात.

२० ऑक्टोबर, दसरा

हात दुखतो आहे, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

पहाटेपासून वस्तीत पांढरं पांढरं. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. आमच्याकडे चौदा पाहुणे. भात दोनदा टाकला. मग सगळे मैदानावर गेले, गर्दीत हरवू नये म्हणून एकमेकांचे पदर आणि सदरे धरून, एका रांगेत. मी घरी राहिले, पुस्तकं येतील तशी मांडून घ्यायला.

दुपारी तीनपासून पुस्तकं यायला लागली. देवा रे! असं नाही म्हणायचं आता, पण तोंडात येतंच. एकेक जण ओट्यावर यायचा, पुस्तक दोन्ही हातांनी पुढं करायचा आणि उभा राहायचा. जायचाच नाही. मग कळलं, पहिल्या पानावर आपलं नाव लिहिलेलं पाहायचं आहे त्यांना. मी लिहायची, "दीक्षेच्या दिवशी जयवंता वाचनालयास भेट," आणि खाली त्यांचं नाव आणि गाव. त्यांना वाचता येत नाही, पण नाव मोठ्यानं वाचून दाखवलं की मान हलवून बाजूला व्हायचे. वाचनालयाला माझंच नाव दिलं आहे सध्या. नंतर बदलू.

कामठीच्या एका हमालानं कोंबड्या पाळण्याचं इंग्रजी पुस्तक आणलं. एका बाईनं रेल्वेचं वेळापत्रक, तेही मागच्या सालचं. रुख्माबाईंनी दुकानदाराला सांगितलं होतं, "सगळ्यात मोठ्या अक्षराचं दे." त्यानं पोरांची अंकलिपी दिली, जिच्यात ब-बदकाचा अख्ख्या पानावर. मला हसू आवरेना. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. बहिणीची बाजू घ्यायचीच असते.

रात्री पेट्रोमॅक्स लावली. पुस्तकांची चळत कोनाड्यापासून उंबऱ्यापर्यंत लागली. पाहुणे तिच्याभोवती बसले, नवरीला पाहतात तसे. मला म्हणाले, वाचून दाखव. मी वरचं पुस्तक उचललं, बाबासाहेबांचं पातळ चरित्र, आणि पहिलं पान खणखणीत आवाजात वाचलं. शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं, ते पान. कोणी खोकलंसुद्धा नाही. उद्या मोजते. शंभराच्या वर आहेत हे नक्की. बाबनरावांचं तोंड मला पाहायचं आहे.

२२ ऑक्टोबर

पाहुणे गेले. आज यादी केली.

पाहुण्यांची शहाण्णव, माझी अकरा, एकूण एकशे सात. पण त्या शहाण्णवांतली अडतीस एकच पुस्तक आहेत. तेच पातळ चरित्र, तेच निळ्या कोटातलं चित्र मुखपृष्ठावर. अडतीस!

धोंडबामामा अजून एसटीच्या वेळेची वाट पाहत बसले होते. मी त्यांच्यावरच घसरले. "मामा, तुम्ही सगळे एकाच दुकानात गेलात का? दुसरं एकही पुस्तक दिसलं नाही?"

मामा म्हणाले, "रांगेत गेलो ना वं आमी. पैल्यानं हे घेतलं. मंग मी पाहिलं, त्याईचा फोटो हाये. आता त्याईचा फोटो समोर असून मी दुसरं कोनतं उचलू? उचललं असतं तर हात थरथरला असता माहा." आणि मग, "काहून, चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार. त्यांना डबा बांधून दिला. तरी आकडा एकशे सात आहे, आणि बाबनरावांनी शंभर म्हटलं होतं, वेगवेगळी असं म्हटलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर

दुपारी बाया बिड्यांची सुपं घेऊन आमच्या ओट्यावर येतात आणि म्हणतात, वाच. मी आनंदानं नवं पुस्तक काढते, तर म्हणतात, "ते नोको, परवाचं वाच." तेच चरित्र, तेच पहिलं पान. आज अकरा वेळा वाचलं. अकरा! दुसरं पान उलटायला गेले तर आत्याबाई म्हणाल्या, "थांब, पुन्हा येक डाव." या बायांना कुतूहल म्हणून नाही. माणसाला पुढं काय झालं ते जाणून घ्यावंसं नको वाटायला? अशांसाठी मी वाचनालय काढते आहे.

२६ ऑक्टोबर

बाबनराव पाहायला आले. पुस्तकं एकेक हातात घेऊन पाहिली, कोंबड्यांचंसुद्धा. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. मग त्यांनी ती अडतीस पुस्तकं वेगळी काढून त्यांची एक चळत केली आणि वरच्या पुस्तकावर हात ठेवला.

"हे येक झालं," म्हणाले.

"एक कसं? अडतीस आहेत!"

"सूनबाई, येकच गोष्ट अडतीस डाव सांगतली तर अडतीस गोष्टी होतात का? हे येक, अन् बाकीचे एकोनसत्तर. सत्तर भरले." उठताना म्हणाले, "पाहुन्याईनं मन मोठं केलं, ते मी मानतो. पन शंभर म्हंजे शंभर."

मला! उत्तर सुचलं नाही! रुपराव रात्री म्हणाले, "सोड ना वं आता." मी त्यांच्याकडे पाठ करून झोपले.

२८ ऑक्टोबर

जिंकले! जिंकल्यातच जमा आहे.

सीताबर्डीवर जाऊन मैदानावरच्या त्या पुस्तकवाल्याचं पक्कं दुकान शोधून काढलं. पायाला फोड आला. त्याला सगळी हकीकत सांगितली. भला माणूस आहे. म्हणाला, एक प्रत तुम्ही ठेवा, सदतीस परत आणा, त्यांच्या बदल्यात तीस वेगवेगळी देतो. त्यात गोष्टींची, शेतीची, कायद्याची. पहिल्या पानावरची नावं? ते पान नीट कापून आणा म्हणाला, चालवून घेतो.

ते पान कापायचं जिवावर येतं. पण सत्तर आणि तीस म्हणजे बरोबर शंभर. पाहुण्यांना कोण सांगायला जातंय!

२९ ऑक्टोबर

पिशवीत भरायला म्हणून पुस्तकं काढली, तर अडतिसांतली अठरा जागेवर नाहीत. अंकलिपीही नाही. पुन्हा मोजली. पुन्हा. वीसच.

घरात मी, रुपराव आणि आत्याबाई. मी नेली नाहीत. रुपरावांना विचारलं, ते "मले काय मालूम" म्हणाले. मग मी आत्याबाईंना विचारलं.

"असतील कुठं तरी," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मला सगळं कळून चुकलं. कोपऱ्यावरचा किराणावाला रद्दीत पुड्या बांधतो, आणि आत्याबाईंचं त्याच्याकडे रोज जाणं असतं. मी म्हणाले. जे मनात होतं ते सगळं म्हणाले. तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही. सून चार माणसांत उभी राहिली ते डोळ्यात खुपतं. तुम्हाला अक्षर कळत नाही म्हणून पुस्तकाची किंमत कळत नाही.

शेवटचं वाक्य म्हटल्यावर रुपराव उठून बाहेर गेले. आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि म्हणाल्या, "रद्दीत नाई इकले म्या." एवढंच. जेवल्या नाहीत.

बरोबर बोलले मी. तरी झोप लागत नाही.

३१ ऑक्टोबर

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते, माझी बाजू न घेता.

दोन दिवस आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. दुपारी सूप घेऊन घराबाहेर पडतात, आमच्या ओट्यावर कोणी येत नाही. आज मी मागोमाग गेले. म्हटलं, किराणावाल्याकडे रंगेहाथ धरते.

त्या किराणावाल्याकडे गेल्याच नाहीत. विहाराच्या मागच्या पडवीत गेल्या. तिथं त्या धरून अठरा बाया बसल्या. मांडीवर सुपं, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा, आणि पानांच्या वर उघडं ठेवलेलं ते पातळ पुस्तक, उडू नये म्हणून वर कात्री. हात बिडी वळत होते. बिडी वळून झाली की बोट पुस्तकावर. आत्याबाई म्हणायच्या, "शाळेत." सगळ्या म्हणायच्या, "शाळेत," आणि बोट पुढं सरकायचं. "बसायले." बोट पुढं. त्यांना ते पान अख्खं पाठ होतं. माझ्याच तोंडून ऐकून पाठ केलेलं. आता पाठ असलेला शब्द पुस्तकात कुठं बसला आहे ते त्या शोधत होत्या. मध्ये अंकलिपी उघडी. एखादं अक्षर अडलं की आत्याबाई अंकलिपीत तसंच दिसणारं शोधून त्याचं चित्र पाहायच्या आणि सांगायच्या, "हे बदकाचं हाये."

बाबनरावांची बायको, प्रयागबाई, त्यांच्यात होती. तिला "गोणपाट" सापडेना. शेजारणीनं आपल्या पुस्तकात दाखवलं, मग तिनं आपल्यात त्याच ओळीत, त्याच जागी पाहिलं. सापडल्यावर अशी हसली की मला खांबामागं तोंड लपवावं लागलं.

पण लपून किती वेळ राहणार. आत्याबाईंनी पाहिलंच. सगळ्यांचे हात थांबले. आत्याबाई म्हणाल्या, "घेऊन जायाले आली का? घे. खराब नाई केले. जर्द्याचा हात आमी पदराले पुसून घेतो."

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुले इचारलं होतं ना म्या. तू चंद्राचं सांगतलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मी वहीत सुरवातीलाच लिहून ठेवलं आहे, मोठी हुशारी केल्यासारखं. पान फाडणार होते. फाडलं नाही. राहू दे.

प्रयागबाई म्हणाली, "सगळ्याईजवळ येकच पुस्तक हाये म्हनून तर जमते वं. अलग-अलग असते तर कोन कोनाले इचारतं?"

मी म्हटलं, "उद्याही याल ना इथं?" आणि घरी आले.

१ नोव्हेंबर

आज शेवटचा दिवस. पुस्तकवाल्याकडे सदतीस नेली तर उद्या खोली माझी. बाया देतील, एका शब्दानं देतील. आत्याबाई तर काल पुढं करतच होत्या.

एक प्रत ठेवून अठरा जणींना वाचता येणार नाही.

पिशवी घेतली. दारापर्यंत गेले. पिशवी खुंटीला अडकवली. आता उद्या सगळ्यांसमोर हरायचं आहे, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. मला हरता येत नाही, कधीच आलं नाही. रुपरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी येतो उद्या संगं." रविवारी ते दिवसभर झोपतात, आणि येतो म्हणाले.

२ नोव्हेंबर

सभा. विहार भरलेला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सत्तर भरली. तीस कमी आहेत. मी हरले." तीन वाक्यं. आवाज कापला नाही.

बाबनराव म्हणाले, "बरं. दुसरा इषय घेऊ." तसे ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं, ते मला दिसलं.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं आवाज आला. "भाऊ, येक इचारू का?" आत्याबाई. चाळीस वर्षं या वस्तीत आहेत, सभेत कधी तोंड उघडलेलं नाही. उभ्या राहिल्या, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"तुमच्या खोलीत ताटं किती हायेत?"

"साठ," बाबनराव म्हणाले. भांड्यांचा हिशेब त्यांच्या जिभेवर असतो.

"अलग-अलग हायेत का सारखेच?"

"सारखेच. येकाच दुकानातून घेतले."

"मंग येक ताट म्हना ना. साठ काहून म्हनता?"

आत्याबाईंचा आवाज आता थोडा वर चढला. "पंगतीले साठ मानसं संगं बसतात म्हनून साठ ताटं लागतात. येका ताटात साठ जनाईचं भागत नाई. आमी अठरा बाया संगं बसतो भाऊ, येकाच पानावर. आमाले अठरा लागतात. अजून कोनी आली तर तिलेबी लागंल. ज्याईनं आनले त्याईले वाचता येत नाई, पन त्याईनं पंगतीच्या हिशेबानं आनले. तुमी त्याईचं येक मोजता?"

मग त्यांनी पदराआडून पुस्तक काढलं. मागच्या बायांनीही काढली. अठरा निळे कोट.

बाबनरावांची नजर प्रयागबाईवर गेली. "तूबी?"

"मंग? तिसऱ्या ओळीवर हाये मी," प्रयागबाई म्हणाली. "अन् ते साठ ताटं घासते कोन? मलेच तं इचारा, कुठं ठेवायचे ते."

सगळा विहार हसला. बाबनराव हसले नाहीत. त्यांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. मग म्हणाले, "भांडे आमी घेतले ते आपल्या लोकाईनं संगं बसून जेवावं म्हनून घेतले." एवढं बोलून त्यांनी कमरेची किल्ली सोडली. गाठ सुटायला वेळ लागला. "येकशे सात. लिवून घ्या."

त्यांनी किल्ली माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. आत्याबाईंकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नावाची घाई नव्हती. तीन वाक्यांत हरलेली बाई घरी येताना अशी चालत होती की रुपराव म्हणाले, "हळू वं, रस्ता आपल्या बापाचा हाये का?"

माझ्या सासूचा मला अभिमान वाटतो. हे वाक्य मी लिहीन असं दोन महिन्यांपूर्वी कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

३ नोव्हेंबर

भांडी हलवली. बाबनरावांनी मोठी कढई स्वतः डोक्यावर घेतली, कोणाला हात लावू दिला नाही. भिंतीच्या फळ्या काढायला आम्ही गेलो तर म्हणाले, "राहू द्या. पुस्तकाले लागतील." जाताना कोंबड्यांचं पुस्तक मागून घेऊन गेले. इंग्रजी आहे म्हटलं, तर म्हणाले, "चित्र तं हायेत."

वाचनालयाच्या पाटीवरून माझं नाव काढलं. काय लिहायचं यावर भांडणं चालू आहेत.

१० नोव्हेंबर

आत्याबाईंनी माफी मागू दिली नाही. मी सुरवात केली की म्हणतात, "भाकर जळून राहिली तिकडं." काल मी मुद्दाम दोन्ही हात रिकामे ठेवून सुरवात केली, तर म्हणाल्या, "मालूम हाये मले. आता ल अन् ळ मधला फरक सांग."

३० नोव्हेंबर

बाया आता तेवीस झाल्या आहेत. आज पहिलं पान संपलं. त्या म्हणत होत्या, संपलं कधीचंच, पण तू म्हटल्याशिवाय उलटायचं नाही असं ठरवलं होतं. मी म्हटलं, उलटा. तेवीस पानं एकदम उलटली.

आणि मग सगळ्यांची बोटं जागच्या जागी थांबली. हे पान कोणालाच पाठ नव्हतं. मी त्यांना ते कधी वाचूनच दाखवलेलं नाही. आतापर्यंत त्यांनी केलं ते वाचन होतं का नुसतं पाठांतर, ते आज कळणार होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. प्रयागबाई माझ्याकडे पाहायला लागली. मी जमिनीकडे पाहिलं. तोंडाला दार नसलेली मी, ओठ दाताखाली धरून बसले.

आत्याबाईंनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. बराच वेळ गेला. एका बाईनं दोन बिड्या वळल्या तेवढा. "त," त्या म्हणाल्या. मग अंकलिपी ओढली, पानं उलटली, हत्ती सापडला. "हा. तहा." पुन्हा थांबल्या. "तहान."

मान वर केली. "तहान लिवलं हाये ना?"

मी मान हलवली. 

"तहान," बाकीच्यांनी बोट ठेवून म्हटलं. एकीनं आपल्या गावच्या विहिरीची गोष्ट काढली, दुसरीनं तिला गप्प केलं, पुढचं पाहू दे म्हणाली. मी सरकून जवळ बसायला गेले, म्हटलं, पुढचा शब्द जोडाक्षराचा आहे, मी सांगते. आत्याबाईंनी हातानंच मला अडवलं.

"तू जाय आता. भाकरीचं पाह घरी. आमचं आमी पाहतो."

आले मी घरी. चूल पेटवली, पीठ मळलं. विहारातला आवाज इथवर येतो. "तहान," "तहान," आणि मग काहीच नाही, बराच वेळ काहीच नाही. जोडाक्षरावर अडल्या असणार. दोनदा उठून दारापर्यंत गेले. पुढं गेले नाही.